हवेपेक्षा जड

आठवी-नववीच्या कोणत्याही मुलाला कार्बन डायऑक्साइडचे गुणधर्म विचारा, तो एका दमात सांगेल: रंग नाही, वास नाही, जळत नाही, जळू देत नाही, चुन्याची निवळी दुधाळ करतो, हवेपेक्षा जड आहे. प्रत्येक गुणधर्माला अर्धा गुण. मी वर्षानुवर्षे हे अर्धे गुण देत आलो आहे. पण शेवटचे दोन शब्द, ‘हवेपेक्षा जड’, हे अर्ध्या गुणाचे नाहीत. दर उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी विहिरीत, खड्ड्यात, टाकीत माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. त्यांतल्या अनेक बातम्यांच्या मुळाशी हे दोन शब्द असतात. म्हणून या महिन्यात तेवढेच नीट समजून घेऊ.

आधी घरात करून पाहण्यासारखे. एका उंच जगमध्ये दोन चमचे खायचा सोडा घ्या आणि त्यावर अर्धा कप सिरका ओता. फसफस होईल, ती थांबेपर्यंत थांबा. एका रुंद पातेल्यात एक आखूड आणि एक उंच अशा दोन मेणबत्त्या पेटवून ठेवा. आता जग हळूच कलता करा. आतले पाणी सांडू द्यायचे नाही, फक्त वरचा ‘रिकामा’ भाग ओतायचा. डोळ्यांना काहीच पडताना दिसत नाही, पण आखूड मेणबत्ती आधी विझते आणि उंच नंतर. वायू पाण्यासारखा ओतला गेला, पातेल्याच्या तळाशी साचला आणि खालून वर चढत गेला. मुलांना हे एकदा दाखवा, दहा वेळा पाठ करून घेण्याची गरज उरणार नाही. मेणबत्त्या पेटवताना मोठे माणूस जवळ असावे, एवढे सांगायला नको.

हिशेबही सोपा आहे. हवेचे सरासरी रेणूभार सुमारे २९, कार्बन डायऑक्साइडचे ४४. म्हणजे तो हवेच्या दीडपट जड. वारा वाहत असला, जागा उघडी असली, तर तो हवेत मिसळून जातो आणि काही बिघडत नाही. हवा हलत नसली आणि जागा खोलगट असली, की तो तिथेच बसतो. या वायूचा सगळा धोका या एका वाक्यात आहे.

हा वायू विषारी आहे का, असे पालक विचारतात. तो आपल्या प्रत्येक श्वासातून बाहेर पडतो. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण ०.०४ टक्क्यांच्या थोडे वर आहे. आपण सोडलेल्या श्वासात ते सुमारे ४ टक्के असते. खमिराचे पीठ तोच फुगवतो, नानखटाई तोच खुसखुशीत करतो, सोड्याच्या बाटलीतले बुडबुडे त्याचेच. तेव्हा ‘विष’ म्हणून त्याला हाकलून देता येत नाही. पण प्रश्न प्रमाणाचा आहे. श्वासात घेतलेल्या हवेत तो ३ टक्के झाला, तर श्वास जलद होतो आणि डोके दुखू लागते. ५ टक्क्यांच्या आसपास धाप लागते. ७ ते १० टक्क्यांवर काही मिनिटांत शुद्ध हरपते. त्याहून पुष्कळ जास्त असेल, तर थोड्याच श्वासांत माणूस कोसळतो. प्राणवायू कमी पडतो हे एक कारण झाले. पण हा वायू रक्तात वाढला की रक्त आम्लधर्मी होते आणि मेंदूवर थेट परिणाम होतो. म्हणून प्राणवायू पुरेसा असला, तरी हा जास्त झाला की चालत नाही.

जाता जाता एक गैरसमज. रात्री झाडाखाली झोपू नये, झाड कार्बन डायऑक्साइड सोडते, असे घरोघरी सांगितले जाते. झाड सोडते हे खरे, पण ते इतके थोडे असते की शेजारी झोपलेला माणूस त्याहून जास्त सोडतो. खोलीत कुंडी ठेवली म्हणून कोणी गुदमरत नाही. घाबरायचे असेल, तर योग्य जागी घाबरावे.

ती योग्य जागा कोणती, हे सांगलीजवळच्या हरिपूरच्या लोकांना पुस्तक न वाचता ठाऊक होते. तिथे हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खोदत. तोंड अरुंद, पोट मोठे, आणि माणूस सहज उतरेल एवढी खोली. हळद भरली की तोंड मातीने लिंपून टाकायचे. आत हवा फारशी जात नाही. साठवलेला माल आणि त्यातले किडे प्राणवायू वापरत राहतात, कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. काही दिवसांनी किड्यांना जगणेच अशक्य होते आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. औषध नाही, गोळ्या नाहीत. मला हे तंत्र फार हुशारीचे वाटते. २००५च्या महापुरात यांतली पुष्कळ पेवे खराब झाली, पण त्यांचे नाव अजून आहे. मात्र जी हवा किड्याला मारते, ती माणसाला ओळखत नाही. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरत नसे. तोंड काही तास उघडे ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला, तर त्या दिवशी उतरायचे नाही. धान्याच्या पेवांचीही हीच रीत.

पेवात हा शहाणपणा राहिला, विहिरीत मात्र तो हरवला. वापरात नसलेल्या विहिरीत पालापाचोळा, मेलेली जनावरे, शेवाळ कुजत असते. कुजणे म्हणजे प्राणवायू खर्च होणे आणि हा वायू तयार होणे. भोवतालच्या मातीतूनही तो झिरपतो. वरून झाकण किंवा झुडपे असतील, तर वारा आत पोहोचत नाही. मोटार दुरुस्त करायला, गाळ काढायला, पडलेली बादली आणायला कोणीतरी उतरते. विहीर ओळखीची असते, लहानपणापासून पाहिलेली असते. पण ओळखीची आहे म्हणून आतली हवा चांगली असेल, असे नाही.

जुलै २०२४ मध्ये छत्तीसगडच्या जांजगीर-चांपा जिल्ह्यातील किकिर्दा गावात एक जण विहिरीत पडलेले लाकूड काढायला उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. पाच जण गेले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आपल्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातील वाकडी येथे एक मांजर जुन्या विहिरीत पडले. त्या विहिरीत बायोगॅसचे शेण साठवले जात होते. मांजराला वाचवायला एक उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग पुढचा. सहा जण उतरले, पाच दगावले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोरी बांधलेली होती आणि वरच्यांनी त्याला ओढून घेतले. शेणाच्या खड्ड्यात एकटा कार्बन डायऑक्साइड नसतो, मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइडही असतात. पण घटनेचा आकार तोच.

या दोन घटनांत मला सर्वांत जास्त टोचते ते हे की पहिला माणूस कामासाठी गेला आणि बाकीचे प्रेमापोटी गेले. भाऊ, मुलगा, शेजारी. आपल्याकडे कोणी बुडताना दिसला की विचार न करता उडी टाकणे हा चांगुलपणा मानतात, आणि तो चांगुलपणाच आहे. पण इथे तो कामाला येत नाही. खाली गेलेला माणूस ज्या हवेत कोसळला, त्याच हवेत तुम्ही उतरणार. तुमचे शरीर त्याच्यापेक्षा वेगळे नाही. ‘मी श्वास रोखून पटकन जाऊन येतो’ असे म्हणणारा तळाशी पोहोचून, बेशुद्ध माणसाचे ओझे उचलताना तोंड उघडतोच. ओला रुमाल तोंडाला बांधण्याचा उपयोग शून्य आहे, कारण रुमालाला वायू गाळता येत नाही आणि प्राणवायूही तयार करता येत नाही. करोनाच्या काळातले मास्कही तसेच. पाठीवर हवेची टाकी असलेला अग्निशमन दलाचा जवान उतरू शकतो, आपण नाही.

मग काय करायचे? उतरण्याआधीची गोष्ट आधी सांगतो, कारण खरा बचाव तिथेच आहे. विहीर किंवा हौद काही तास, शक्य तर दिवसभर, पूर्ण उघडा ठेवावा. वरून ब्लोअरने किंवा कॉम्प्रेसरच्या नळीने तळापर्यंत हवा सोडावी. नळी वरच्या वर सोडून उपयोग नाही, जड वायू तळाला बसलेला असतो. उतरणाऱ्याच्या कमरेला किंवा छातीला पक्की दोरी असावी आणि दोरीचे दुसरे टोक वर दोन माणसांच्या हातात असावे. कठड्याला गाठ मारून मोकळे होऊ नये. उतरताना बोलत राहावे. हाकेला उत्तर आले नाही, की कारण न विचारता वर ओढावे. एवढी तयारी करायला अर्धा तास जास्त जातो आणि शेजारी हसतात. हसू द्यावे.

आणि कोणी कोसळलेच, दोरीही नसेल, तर आधी ११२ किंवा १०१ वर फोन करावा, आरडाओरडा करून माणसे जमवावीत. पण जमलेल्या माणसांना उतरू न देणे हे एक स्वतंत्र काम समजावे. घरातला एखादा खंबीर माणूस त्यासाठीच उभा ठेवावा. नळीने तळाशी हवा सोडत राहावे, गळ टाकून कपड्याला अडकवता आले तर पाहावे. वर आणल्यावर मोकळ्या हवेत आडवे निजवावे, १०८ची रुग्णवाहिका बोलवावी, आणि श्वास चालत नसेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे. ज्याला हे येते त्याने घरातल्या दोघांना तरी शिकवून ठेवावे.

कंदिलाच्या परीक्षेबद्दल मात्र एक दुरुस्ती करतो, कारण ती अर्धीच लक्षात ठेवली जाते. कंदील विझला तर उतरू नये, हे बरोबर. कंदील जळत राहिला म्हणजे उतरायला हरकत नाही, हे चूक. ज्योत विझण्याच्या आधीच माणसाला गरगरायला लावेल एवढा वायू तिथे असू शकतो. शिवाय दुसरा धोका मोठा आहे. शेणाचा खड्डा, गटार, संडासाची टाकी अशा ठिकाणी मिथेन असतो आणि तो पेट घेतो. तिथे कंदील, काडी, बिडी काहीही न्यायचे नाही. पेव आणि गटार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संडासाच्या टाकीचा विषय निघालाच आहे, तर घरमालकांसाठी दोन ओळी. टाकी भरली की चारशे-पाचशे रुपये देऊन कोणातरी गरिबाला आत उतरवणे हा २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो. प्रमाण वाढले की नाकाला वास येणेच बंद होते, आणि माणूस समजतो की वास गेला. नगरपालिकेची किंवा खासगी उपसा गाडी मागवावी. पैसे जास्त पडतात. पडू द्यावेत.

जड वायू किती लांब जाऊ शकतो, याचे जगातले सर्वांत भयंकर उदाहरण आफ्रिकेतल्या कॅमेरून देशातले आहे. तिथले न्योस सरोवर एका जुन्या ज्वालामुखीच्या मुखात आहे. खालून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड तळाच्या पाण्यात वर्षानुवर्षे विरघळत राहिला, बंद सोडा बाटलीसारखा. २१ ऑगस्ट १९८६च्या रात्री बाटलीचे बूच उडाल्यासारखे झाले. बाहेर पडलेला वायूचा लोट उतारावरून दऱ्यांमध्ये वाहत गेला, २५ किलोमीटरपर्यंत. सतराशेहून अधिक माणसे आणि सुमारे साडेतीन हजार गुरे त्या रात्री गेली. बहुतेक जण झोपेत. पुढे २००१ पासून सरोवरात खोलवर पाइप सोडून वायू थोडा थोडा बाहेर काढण्याची व्यवस्था झाली. मुलांना मी हे सांगतो तेव्हा ते विचारतात, टेकडीवरच्या लोकांचे काय झाले? हाच तो प्रश्न. उंचावर राहणाऱ्यांतले अनेक जण वाचले.

आता विहिरीपासून थेट लग्नाच्या हॉलमध्ये येऊ, कारण हल्ली हा वायू तिथेही आला आहे. दूल्हा-दुल्हन स्टेजकडे निघाले की पायांशी पांढऱ्या ढगांचा गालिचा पसरतो. तो ढग बहुधा ड्राय आइसचा असतो. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे ७८ अंश सेल्सियस. तो वितळत नाही, सरळ वायू होतो. दिसणारा पांढरा धूर म्हणजे थंडीने बाष्पाचे झालेले पाण्याचे बारीक थेंब, वायू स्वतः दिसतच नाही. ढग जमिनीलगत का राहतो, हे आता सांगायला नको. आणि त्या ढगात, मोठ्यांच्या गुडघ्याइतक्या उंचीवर, कोण धावत असते? आपलीच लहान मुले. मोठा, उघडा हॉल आणि थोडा ड्राय आइस असेल तर चिंता नाही. पण तळघरातला बंद हॉल, एसी चालू, दारे लावलेली, अशा जागी हे नको, असे केटररला स्पष्ट सांगावे. २०२० मध्ये मॉस्कोत एका पार्टीत पोहण्याच्या तलावात धुराचा देखावा करण्यासाठी सुमारे २५ किलो ड्राय आइस टाकला गेला, आणि तिघांचा जीव गेला.

एक किलो ड्राय आइसपासून सुमारे ५४० लिटर वायू होतो. मोटारीच्या आत साधारण तीन हजार लिटर हवा धरली, तर काचा बंद ठेवून एक किलो पूर्ण विरल्यास तो १५ टक्क्यांच्या वर जातो. म्हणून आइस्क्रीमचे मोठे पार्सल ड्राय आइसमध्ये घालून आणायचे असेल, तर काचा उघड्या ठेवाव्यात, डिकीतला डबा असला तरी. घरी आणल्यावर उरलेला तुकडा बाटलीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही ठेवू नये, वायूला जागा मिळाली नाही की बाटली फुटते. बेसिनमध्ये टाकू नये. गॅलरीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी उघडा ठेवावा, तो आपोआप नाहीसा होतो. उघड्या हाताने धरू नये, त्वचा भाजल्यासारखी होते. आणि तोंडात तर अजिबात नाही. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून ड्राय आइस दिला गेला, आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. धुराचे शरबत, धुराचे पान अशा गोष्टी मुले मागतात. ग्लासात तुकडा तळाशी शिल्लक असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत घोट घेऊ देऊ नये. मी तर म्हणेन, मागवूच नये.

सोड्याच्या दुकानात किंवा केटररकडे या वायूचे सिलिंडर असतात. आत वायू दाबाने द्रव होऊन राहिलेला असतो. साधारण ३१ अंश सेल्सियसच्या वर तो द्रव राहू शकत नाही आणि दाब झपाट्याने वाढतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतही ३१ अंश ओलांडतात, मग उन्हात ठेवलेल्या सिलिंडरचे काय होईल याचा विचार करावा. सिलिंडर सावलीत, उभा, साखळीने भिंतीला बांधलेला असावा. बंद पोटमाळ्यात किंवा तळघरात ठेवलेला सिलिंडर गळू लागला, तर वास येत नाही म्हणून कोणाला कळत नाही. अशा खोलीत शिरताच धाप लागली किंवा डोके जड झाले, तर गळती शोधत बसू नये, बाहेर यावे आणि दारे उघडी टाकावीत.

शाळा, दवाखाने, दुकाने यांत लाल रंगाचे, काळ्या कर्ण्याचे आग विझवण्याचे यंत्र टांगलेले असते, त्यातही हाच वायू असतो. विजेच्या आगीला तो उत्तम, मागे पाणी-पावडर काही राहत नाही. पण चालवताना काळा कर्णा हाताने धरू नये, तो इतका थंड होतो की हात चिकटून भाजतो. धरायची मूठ वेगळी असते. पेटलेल्या तेलाच्या कढईवर हे यंत्र मारू नये, झोताने तेल उडते. तिथे गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवावे. लहान खोलीत यंत्र वापरले, तर आग विझताच बाहेर पडावे.

शेवटी नावातला घोळ. हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेले कुटुंब, किंवा गॅस गिझरच्या बंद न्हाणीघरात बेशुद्ध सापडलेली मुलगी, या बातम्यांतला दोषी बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड नसतो, कार्बन मोनॉक्साइड असतो. नावात थोडाच फरक, पण तो खोलगट जागा शोधत नाही, खोलीभर पसरतो, आणि धाप लागू न देता झोपेतच नेतो. गिझर न्हाणीघराबाहेर बसवावा, आणि शेगडी खोलीत ठेवून कोणी झोपू नये. त्याच्याबद्दल सविस्तर पुढच्या महिन्यात लिहीन.